लतिकावहिनींचं झाड

सीमाच्या मते त्या झाडावर पहिला हक्क तिचा होता, आणि तिचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. त्यामागे एक वाटी होती.

परळच्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर सीमाची खोली आणि लतिकावहिनींची खोली भिंतीला भिंत लागून. सीमा कणकवलीकडची. नवरा जयवंत बेस्टमधून निवृत्त झालेला. घरात आठवड्याचे तीन दिवस मासळी ठरलेली. लतिकावहिनी मूळच्या गिरगावातल्या, त्यांचे हेरंबराव विमा कंपनीत हेडक्लार्क होते, आणि त्यांच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर असायचा. तरी दोन्ही घरांतून वाट्यांची ये-जा लग्न होऊन आल्यापासून चालू होती आणि तिचा एक कायदा होता. आलेली वाटी रिकामी परत जात नाही. इकडून घावन गेलं की तिकडून साखरभात यायचा, तिकडून पुरण आलं की इकडून खोबऱ्याच्या वड्या जायच्या. काहीच नसेल तर चिमूटभर साखर तरी. कोणी कोणाला काय दिलं हे कुणी बोलून दाखवत नसे आणि कुणी विसरतही नसे.

त्या उन्हाळ्यात लतिकावहिनींची मुलगी रुचा पुण्याहून आली ती दोन अ‍ॅव्होकाडो घेऊन. त्यातलं एक कापून, अर्ध्या फोडीत बाठा तसाच ठेवून, वर ताटली झाकून लतिकावहिनींनी ते वाटीतून सीमाकडे पाठवलं. तब्येतीला फार चांगलं असतं म्हणे, असा निरोपही बरोबर होता.

जयवंतने एक घास तोंडात घातला आणि चुकून साबण चावल्यासारखा चेहरा केला. मग त्याने वर साखर भुरभुरली. मग आणखी भुरभुरली. शेवटी डबाच उपडा केला, तेव्हा कुठे ते फळ घशाखाली उतरलं. त्यामुळे वाटी परत करायची वेळ आली तेव्हा घरात बांगड्याचं तिखलं होतं, जे तिकडे जाऊ शकत नव्हतं, आणि साखर उरली नव्हती. सीमाने वाटी घासली, पुसली, बाठा धुऊन आत ठेवला आणि नेऊन दिली. "हा तुमचा राहिलेला," म्हणाली. त्यात थोडा टोमणा होता. टोमणा फळाला नव्हता. रुचाने मुद्दाम आमच्यासाठी आणलंय, हे लतिकावहिनी सकाळपासून गॅलरीत ज्या सुरात सांगत होत्या, त्या सुराला होता.

लतिकावहिनींना टोमणे लागत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. सीमाने आठवणीने बी परत केली याचं त्यांना कौतुकच वाटलं. त्यांनी रुचाला विचारलं, आता याचं काय करू. रुचा म्हणाली, काड्या खोचून ग्लासावर टांगून ठेव, खालचा भाग पाण्यात बुडू दे. टूथपिक घरात नव्हत्या, म्हणून त्यांनी खराट्याच्या काड्या मोडून खोचल्या आणि ग्लास गॅलरीतल्या खिडकीत मांडला. बरेच आठवडे तिथे काहीच घडलं नाही. कोपऱ्यातल्या खोलीतल्या कमळाबाई, ज्यांच्या नजरेतून मजल्यावरची एक काडी सुटत नाही, येता-जाता विचारायच्या, काय लतिका, अंडं उबवतेस की काय. सीमा मनापासून हसायची.

मग एका सकाळी बाठा मधोमध तडकलेला दिसला. खालून पांढरं मूळ आलं, आणि काही दिवसांनी वरून तांबूस, ताठ असा कोंब.

चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो गेला. दुसऱ्या मजल्यावरचे लोक पोरांना घेऊन बघायला आले. हेरंबराव एरवी गॅलरीत फक्त पेपर वाळत घातल्यासारखा धरून बसायचे, ते आता येणाऱ्या-जाणाऱ्याला मेक्सिकोची माहिती देऊ लागले. आणि लतिकावहिनी मान तिरकी करून म्हणायच्या, "मी काही केलं नाही हो. हाताचा गुण असतो एकेकाच्या."

हे वाक्य सीमाच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं.

तिने मनातल्या मनात खटला चालवला. फोड बाठ्यासकट मला दिली, म्हणजे बाठा माझा झाला. इथपर्यंत ती जिंकत होती. पण पुढे तो तिने स्वतःच वाटीत घालून परत केला, आणि वाटीत घालून दिलेलं समोरच्याचं होतं, हा तर कायदाच होता. चाळीत आजवर कुणी वाटीतली चकली परत मागितली नव्हती. म्हणजे साखर संपली होती, एवढ्यावरून तिचं झाड गेलं. आणि साखर कुणी संपवली, ते ओट्यासमोर पाटावर बसून नखं कापत होतं.

झाड दुसऱ्या कुणाचं असतं तर एक वेळ तिने सोडून दिलं असतं. पण लतिकावहिनी? पस्तिशी उलटेपर्यंत शेंगदाणा झाडाला लटकतो असं समजणाऱ्या बाई. सीमाच्या माहेरी कलमांची बाग होती, परसात फणस होता, विहिरीकाठी सुपारी. हाताचा गुण कुणाच्या घरात असायला हवा होता, हे काय सांगायला हवं?

तेव्हा एका दुपारी जयवंतला न सांगता ती माटुंग्याच्या बाजारात गेली. तिथे याला बटर फ्रूट म्हणतात. एक घेतलं, पदराआड घरी आणलं, ओट्याशी उभ्याने मीठ लावून एकटीने संपवलं आणि बाठा हातात घेतला. आता बी कशी धरायची हे तिला लतिकावहिनींच्या रुचाने शिकवायची गरज नव्हती. माहेरी बी म्हटली की ती धुवायची, राखेत घोळवायची आणि उन्हात खडखडीत वाळवायची. काकडीची, भोपळ्याची, पडवळाची, सगळ्या बिया अशाच राहायच्या आणि पुढच्या पावसाला पटापट रुजायच्या. परळमध्ये चुलीची राख कुठून आणणार, म्हणून तिने देवापुढच्या उदबत्त्यांची राख साठवली, त्यात बाठा घोळवला आणि गच्चीवर आमसुलांच्या शेजारी वाळत घातला. चांगला कडकडीत झाल्यावर कुंडीत लावला. लतिकावहिनींचं रोप वीतभर झालं तरी सीमाच्या कुंडीत काही हालचाल नव्हती. शेवटी तिने उकरून पाहिलं. बाठ्याची सुपारी झाली होती, आणि फोडली तर आत काळी.

ही बी ओलेपणावर जगणारी. वाळली की मेली. सीमाला जे येत होतं तेच नडलं. लतिकावहिनींना बी वाळवायचं सुचलं नाही, कारण त्यांना काहीच सुचलं नव्हतं.

एवढंही झाकून राहिलं असतं. पण जयवंतने संध्याकाळी गॅलरीत पाय मोकळे करता करता सहज आवाजात सांगून टाकलं, "आमच्या हिचो बाठो काय रुजाक नाय." कमळाबाईंच्या तोंडून ते लतिकावहिनींकडे गेलं आणि त्या लगोलग समाचाराला आल्या. अगं, मला विचारायचंस की, म्हणाल्या. जयवंतला पुढचे दोन दिवस पातळ आमटी आणि भात मिळाला.

दिवाळीपर्यंत रोप कुंडीत गेलं. लतिकावहिनींनी कुंडी तुळशीशेजारी ठेवली आणि तुळशीला हळदकुंकू वाहताना एक बोट तिकडेही टेकवू लागल्या. झाड मात्र तेव्हापासून जरा रुसल्यासारखं होतं. चार पानं, टोकं करपलेली, वाढ जागच्या जागी. तरी बघणारे हात जोडायचेच बाकी होते.

संक्रांत झाली आणि रुचाचं बाळंतपण जवळ आलं. लतिकावहिनी तीन महिन्यांसाठी पुण्याला निघाल्या. हेरंबरावांना स्वतःचा चहा करता येत नाही, म्हणून त्यांनाही बरोबर न्यावं लागलं. निघताना त्यांनी झाडाचा हात सीमाच्या हातात दिला, म्हणजे कुंडीच्या काठावर दोघींचे हात आले. तुळशीला रोज तांब्याभर. याला मात्र फिल्टरचं पाणी, तेही कपाने. पानं ओल्या फडक्याने पुसायची. आणि अधूनमधून बोलायचं त्याच्याशी. सीमाने प्रत्येक गोष्टीला इतक्या गोड आवाजात हो म्हटलं की जयवंतने पेपर खाली करून तिच्याकडे पाहिलं.

झाडाला मारायचं असं तिने ठरवलं नव्हतं. तिने फक्त पाणी घालायचं ठरवलं नव्हतं. तुळशीला ती नेमाने घालायची, देवाचं काम चुकवण्यातली ती नव्हे. शेजारच्या कुंडीवर मात्र तिची नजर सकाळच्या चहाबरोबर जायची. पानं आधी मऊ पडली, मग कान पाडलेल्या वासरासारखी खाली लोंबली. त्या दिवसांत तिला चहा बरा लागायचा. उद्या कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं. नळाला पाणी कमी येतं, फिल्टर भरत नाही, आणि तशी त्याची तब्येत आधीपासून नाजूकच होती.

एका बुधवारी कमळाबाई जाता जाता थांबल्या. लोंबलेल्या पानांकडे बघून त्यांनी जीभ टाळ्याला लावून चुक् केलं. "लतिकाच्या हाताशिवाय जगायचं नाही गे ते. विरहाने वाळतंय बघ."

सीमा कोळंबी सोलत होती. तिचे हात थांबले.

हा हिशोब तिच्या डोक्यात आलाच नव्हता. झाड मेलं तर ते सीमाने मारलं असं कुणी म्हणणार नव्हतं. लतिकावहिनींसाठी झुरून गेलं, असंच म्हणणार होते. मग ती गोष्ट चाळ पडेपर्यंत सांगितली जाणार, नवीन बिल्डिंग झाली तर तिच्या लिफ्टमध्येही सांगितली जाणार. मेलेलं झाड कायमचं लतिकावहिनींचं होणार होतं. जगलं तर निदान वाद घालता आला असता.

तिने कुंडी उचलली आणि तुळशीपासून दूर, आपल्या दाराशी आणली. मग कोळंबी धुतली आणि ते धुवण, करडं, वासाचं, माहेरी माडांना आणि कढीलिंबाला घालायचे तसं, झाडाच्या मुळाशी ओतलं. तुळशीवर शिंतोडा उडू दिला नाही, एवढा धर्म तिने पाळला.

पुढच्या रविवारी तिने जयवंतला रंगाची रिकामी बादली आणायला पाठवलं. उलथणं तापवून बादलीच्या बुडाला भोकं पाडली, खाली कोळंबीची सालं घातली, वर माती, आणि झाड त्यात हलवलं. चाळीचं मांजर दोनदा येऊन चौकशी करून गेलं, म्हणून मातीवर करवंटीचे तुकडे पसरले. बुध, शुक्र, रवि धुवण, मधल्या दिवशी नळाचं साधं पाणी. पानं कुणी पुसली नाहीत. बोलायचं म्हणाल, तर सीमा बोलायची, पण ते लतिकावहिनींना आवडलं नसतं.

झाडाने आधी नवी तांबडी पानं काढली. मग ती हिरवीगार आणि हाताच्या पंजाएवढी झाली. उंची वाढू लागली तसा तिने शेंडा खुडला, आणि खाली दोन फांद्या फुटल्या. होळी येईतो झाड तिच्या कमरेला लागलं. एवढं सगळं तिच्या दाराशी, तिच्या बादलीत, तिच्या कोळंबीवर. आणि जिना चढून येणारा प्रत्येक जण म्हणायचा, लतिकावहिनींचं झाड काय वाढलंय हो!

कमळाबाईंनी फोटो काढून पुण्याला पाठवला. उलट आवाजी निरोप आला, तो त्यांनी मोठा करून सगळ्या गॅलरीला ऐकवला. "बघितलंत? मी नाही तर आठवण काढून काढून वाढतंय माझं गुणी बाळ." सीमा आत मांदेली तळत होती. एक बाजू करपली.

आपण काय केलं हे सांगायची तिला भारी हुक्की यायची. पण सांगणार कसं? केलं काय हे सांगायचं तर घातलं काय हेही सांगावं लागणार. हळदकुंकू लागलेल्या झाडाला कोळंबीचं पाणी. लतिकावहिनींच्या घरात त्याच्यावर काय प्रसंग ओढवेल कोण जाणे. ती गप्प राहिली. आणि गप्प राहता राहता एका दुपारी तिच्या लक्षात आलं की गप्प राहण्यात फक्त नुकसान आहे. तिने सांगितलं, तर लतिकावहिनी त्या झाडाला परत हात लावणार नाहीत. ते इथेच राहील. या दाराशी. माझ्या.

मग मात्र ती त्यांच्या येण्याची वाट बघू लागली.

चैत्रात लतिकावहिनी परत आल्या. रुचाला मुलगी झाली होती, म्हणून बर्फीचा बॉक्स घेऊन आल्या. बर्फी वाटायच्या आधी त्या झाडापाशी गेल्या. कमळाबाई होत्या, जयवंत होता, हेरंबराव बॅगा घेऊन धापा टाकत उभे होते. लतिकावहिनींनी दोन्ही हातांनी पानं कुरवाळली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"रोज सकाळी तिथून मनातल्या मनात पाणी घालत होते याला मी," त्या म्हणाल्या. "पोचलं बघा."

कमळाबाईंनी मान डोलावली. सीमाने पदराला हात पुसले.

"वहिनी, पोचलं ते कोळंबीचं धुवण," ती म्हणाली. "बुध, शुक्र, रवि. तीन महिने. खाली सालंसुद्धा आहेत."

हेरंबरावांनी पटकन तुळशीकडे पाहिलं.

"तुळशीला नाही हां घातलं," सीमा म्हणाली. "हे लांब ठेवलं होतं. पण ह्याला आता सवय झालीय त्याची. तुमच्या घरात कसं चालणार? तेव्हा राहू दे माझ्याच दाराशी. मी बघेन त्याचं." शेवटचं वाक्य तिने इतक्या हळू आणि समजुतीच्या सुरात म्हटलं की त्यासाठी तिने बरेच दिवस सराव केला असावा.

लतिकावहिनींनी एक पान उलटून पाहिलं. नाकाजवळ नेलं. हेरंबराव काहीतरी बोलायला गेले तर त्यांना हाताने थांबवलं.

"वास नाही येत गं."

"पानाला कसा येईल? मुळाशी घालते मी."

"हं." त्यांनी बादली आणि दोन्ही दारं नजरेने मापली. चाळीत इतकी वर्षं काढलेल्या बाईच्या चेहऱ्यावर असा भाव फक्त वाटण्या ठरवताना येतो. "माझ्याकडे चार पानांवर अडलं होतं, खरंय. करपत चाललं होतं. म्हणजे हे त्याला मानवतंय."

"तेच म्हणते मी."

"मग बुध, शुक्र, रवि तू धुवण घालत जा. बाकीचे चार दिवस मी साधं पाणी घालीन. तुळशीपासून लांब ठेवू, तुझ्या-माझ्या दारांच्या मधोमध. झाड काय खातं ते त्याचं त्याला, आपण कशाला सोवळं बघायचं?" मग त्यांना काहीतरी आठवलं. "पण श्रावणात गं? तुमच्याकडे बंद असतं ना? तेव्हाचं काय ते आधीच ठरवून ठेवायला हवं."

सीमाने टाकलेल्या जाळ्यातून झाड तर गेलंच होतं, वर जाळं टाकणारीला आठवड्याचे तीन दिवस कामही लागलं होतं. कमळाबाई तोंडाला पदर लावून जिन्याकडे वळल्या, म्हणजे दुसऱ्या मजल्याला हे पाच मिनिटांत कळणार होतं. जयवंतने बर्फी घेतली. चांगली आहे, म्हणाला.

बादली मधोमध ठेवली गेली, शहाबादी फरशीच्या सांध्यावर. निदान लतिकावहिनी तसं म्हणाल्या. सीमाने बसल्या जागेवरून नजरेने माप घेतलं. सांधा बादलीच्या मधून जात नव्हता, जरा पलीकडच्या घराला झुकतं माप होतं. बुधवारी धुवण घालायला ती वाकली तेव्हा तिचा गुडघा बादलीला लागला आणि बादली चार बोटं इकडे सरकली. गुरुवारी सकाळी दार उघडलं तर बादली होती तिथे परत गेलेली, आणि फिरवलेलीसुद्धा. तिच्या हाताने फुटलेल्या दोन फांद्यांतली जास्त भरलेली आता लतिकावहिनींच्या दाराकडे तोंड करून उभी होती. खाली माती ओली होती. गुरुवारचं साधं पाणी, उजाडायच्या आत घातलेलं.

शुक्रवारी जयवंतचं पोट बिघडलं. त्याने मऊभात मागितला आणि आज बाजारात जायची गरज नाही, मासळीचं नाव काढू नको, असं स्वच्छ सांगितलं. सीमाने मऊभात केला, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं काढून ठेवलं. मग पिशवी घेतली, चपला घातल्या आणि लालबागच्या बाजाराला निघाली. दारात जयवंतने विचारलं, अगो, खाणार कोण?

ते नंतर बघू, असं सांगून ती जिना उतरली. झाडाचा शुक्रवार तिला लतिकावहिनींच्या हातात जाऊ द्यायचा नव्हता.